तबल्याच्या जागी पियानो: जुन्या मिडी फायली ऐकण्याजोग्या कशा करायच्या

गेल्या श्रावणात बंगळूरहून फोन आला. "दादा, आपली ती गवळण आहे का हो अजून तुमच्याकडं? इथं मंडळाच्या गणपतीत गायचीय. ट्रॅक पाठवा ना." आमच्या ऑर्केस्ट्रातली ही गायिका लग्न होऊन तिकडं गेली त्याला वीस वर्षं होऊन गेली. गवळण मात्र होती. १९९९ साली मिरजेत, माझ्या माडीवरच्या खोलीत कीबोर्डवर बसून मीच भरलेली, ३८ केबीची मिडी फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलून दिली आणि चहा प्यायला गेलो.

परत येतो तर उत्तर: "वाजत नाही. फाइल उघडता येत नाही म्हणतंय." संध्याकाळी तिच्या मुलानं ती कुठल्याशा वेबसाइटवर टाकून एमपीथ्री केली आणि मला ऐकायला धाडली. बासरी बरी होती. बेस ठीक. पण तबला जिथं हवा तिथं कोणीतरी पियानोवर लाटणं आपटत होतं. ठेका केहरवाच होता, चुकलेला नव्हता, फक्त पियानोवर होता.

पोराला मी काही बोललो नाही. मिडी म्हणजे काय हे आमच्या काळच्या निम्म्या वादकांना माहीत नव्हतं, त्याला कुठून असणार? मिडी फाइलीत आवाज नसतोच. त्यात लिहिलेलं असतं ते एवढंच: चॅनल ४, आवाज क्रमांक अमुक, ही नोट दाबली, इतक्या जोरात, इतक्या वेळानं सोडली. भजनाच्या वहीत शब्द असतात, गळा नसतो, तसं. वही ज्याच्या हातात जाईल त्याच्या गळ्यातून भजन येणार. म्हणूनच चार मिनिटांचं गाणं ३८ केबीत मावतं. तेच गाणं सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलीत ४२ एमबी होतं, आणि १९२ केबीपीएसच्या एमपीथ्रीत पावणेसहा एमबी.

तेव्हा मिडी "कन्व्हर्ट" करायची म्हणजे खरं तर ती पुन्हा वाजवून घ्यायची, आणि वाजवणारी मंडळी आपण निवडायची. वेबसाइटवर टाकली की तिथं जी मंडळी बसलेली असेल ती वाजवते. बिनतबल्याचं, साधं पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं काही असेल तर तेही चालून जातं. आपल्या गाण्यांचं तिथं जमत नाही.

आता मी जे केलं ते क्रमानं सांगतो. फुकटच्या सॉफ्टवेअरवर आणि साध्या लॅपटॉपवर सगळं झालं.

फ्लॉपीतून बाहेर

ही गवळण माझ्या कॉम्प्युटरवर आधीच होती. फोननंतर मात्र ट्रंकेतला फ्लॉप्यांचा सगळाच डबा काढला. ३७ फ्लॉप्या निघाल्या. त्यांतल्या २९ वाचता आल्या. इतक्या वर्षांनी हे प्रमाण मला चांगलंच वाटलं, कारण दोन पावसाळे ती ट्रंक गळक्या कौलाखाली होती.

यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह अजून ऑनलाइन मिळतो. घेताना एक बघा. जुने कीबोर्ड बऱ्याचदा फ्लॉपी ७२० केबीला फॉरमॅट करायचे, आणि यूएसबीचे बरेचसे ड्राइव्ह फक्त १.४४ एमबीची वाचतात. फ्लॉपीच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांत भोकं असतील तर ती मोठ्या क्षमतेची, एकाच बाजूला असेल तर ७२० ची. तशा फ्लॉप्या जास्त असतील तर कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडं एखादं जुनं, आतच ड्राइव्ह असलेलं डबडं पडलेलं असतं, ते विचारा. मला सांगलीत तसंच मिळालं, दोन दिवसांच्या बोलीवर.

घालण्याआधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली बारकी खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. पत्र्याचं झाकण बोटानं सरकवून आत चकतीवर पांढरे ठिपके दिसतात का पाहा. ती बुरशी. तशी फ्लॉपी आत घातली तर ड्राइव्हचं डोकं घाण होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही वाचत नाहीत. अशा सगळ्या बाजूला काढून शेवटी घाला. आणि विंडोजनं "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल" असं विचारलं तर, देवाची शपथ, नाही म्हणा. काढा, पुन्हा घाला, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. माझ्या तीन फ्लॉप्या पाचव्या-सहाव्या खेपेला उघडल्या.

फ्लॉपीवरून थेट काही उघडत बसू नका. आधी सगळं हार्ड डिस्कवर उतरवा. त्या काळी फाइलच्या नावाला आठच अक्षरं मिळायची, त्यामुळं माझ्याकडं गवळणीच्या नावाच्या चार फायली निघाल्या आणि त्यांत काय फरक आहे ते मला स्वतःला आठवत नव्हतं. लगेच मोठी नावं देऊन टाका, गाण्याच्या सुराच्या पट्टीसकट.

फाइल धड आहे की नाही हे बघायची एक सोपी युक्ती आहे. नोटपॅडमध्ये उघडा. बहुतेक कचराच दिसेल, पण अगदी सुरुवातीला एम, टी, एच, डी ही चार इंग्रजी अक्षरं दिसली तर मिडी जिवंत आहे. सेव्ह न करता बंद करा. कराओकेच्या के-ए-आर शेवटाच्या फायलीही आतून मिडीच असतात, त्यांत फक्त गाण्याचे शब्द जोडलेले असतात. शेवट बदलून एम-आय-डी केला की चालतात. ऑडिओ केल्यावर शब्द अर्थातच जातात.

पियानो कुठून आला

मिडीचा जन्म १९८३ सालचा. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानं वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलायला लागली. पण "आवाज क्रमांक ५" म्हणजे कुठलं वाद्य, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची. तो गोंधळ १९९१ च्या जनरल मिडीनं मिटवला: १६ चॅनल, १२८ ठरलेले आवाज, आणि चॅनल १० कायमचा ड्रमसाठी. १ म्हणजे पियानो, ७४ बासरी, १०५ सतार, ११२ सनई. आमच्या मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकन मिळायला २०२४ उजाडलं, जनरल मिडीत मात्र तिला पहिल्या दिवसापासून जागा आहे. तबल्याला नाही. पेटीलाही नाही, जवळचं म्हणजे २१ नंबरचा रीड ऑर्गन.

मग आपल्या कीबोर्डांत तबला कसा वाजायचा? कंपन्यांनी १२८ च्या बाहेर स्वतःच्या जादा बँका, म्हणजे आवाजांचे वेगळे संच, ठेवले होते. माझ्या गवळणीत चॅनल ४ ला लिहिलंय: अमुक बँक, त्यातला आवाज क्रमांक १. ती बँक फक्त माझ्या कीबोर्डात होती. दुसऱ्या यंत्राला ती सापडत नाही, ते मुकाट्यानं साध्या यादीतला क्रमांक १ उचलतं. क्रमांक १ म्हणजे पियानो. लाटण्याचा उगम तो.

तुमच्याकडं तो मूळ कीबोर्ड अजून चालू असेल तर पुढचं बरंचसं सोडा आणि सरळ त्याच्याकडूनच वाजवून घ्या. त्याबद्दल खाली लिहिलंय. माझा मी २०११ साली विकला, मुलीच्या ॲडमिशनसाठी. त्यामुळं मला नवी मंडळी जमवावी लागली.

वादक जमवणं

ही मंडळी साउंडफॉन्ट नावाच्या फाइलीत मिळतात. प्रत्येक वाद्याचे खरे सूर रेकॉर्ड करून एका फाइलीत बांधलेले असतात, शेवट एस-एफ-टू. मूळ कल्पना ई-म्यू आणि क्रिएटिव्ह या कंपन्यांची, १९९४ च्या साउंड ब्लास्टर कार्डाबरोबर ती घराघरांत गेली. फुकट मिळणाऱ्यांत मी दोन वापरतो. ‘जनरलयूझर जीएस’ ३० एमबीच्या आसपास आहे, आणि ‘फ्लुइड आर-थ्री’ १४० एमबीच्या आसपास. आकारावर जाऊ नका. बासरी मला लहानातली जास्त आवडते. फरक कळायला हे ऐका: विंडोजबरोबर जे मिडीचे आवाज येतात ते साडेतीन एमबीसुद्धा नाहीत आणि नव्वदीच्या दशकातलेच आहेत. मोबाइलच्या रिंगटोनसारखं वाजतं म्हणतात ते त्यामुळं.

सॉफ्टवेअर मी एलएमएमएस वापरतो. त्याआधी दोन चुका करून झाल्या होत्या, त्या सांगून टाकतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल. ऑडॅसिटीत मिडी उघडली. उघडते, वाजतेसुद्धा. एक्सपोर्ट केली तर त्यात मिडीचा आवाज उतरत नाही. ऑडॅसिटी आवाज कापायला-जोडायला उत्तम, मिडी वाजवून फाइल करणं तिच्या कामात नाही. मग म्यूझस्कोअर घेतलं. ते मिडी उघडून थेट एमपीथ्री देतं, आणि कॉम्प्युटरवर टिपून टिपून बनवलेल्या फाइलींना ते झकास आहे. पण ते आधी सगळ्याचं नोटेशन करतं. हातानं वाजवलेल्यातलं थोडं पुढं-मागं असलेलं सगळं सरळ रेषेत बसवतं, आणि कीबोर्डचं चाक फिरवून घेतलेली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, सपाट करतं. माझी गवळण शाळेच्या बँडसारखी कवायत करायला लागली.

मॅकवाल्यांनी गॅरेजबँडमध्ये फाइल ओढून टाकावी, तिथं मींडही राहते आणि एक्सपोर्टही सरळ आहे.

एलएमएमएसमध्ये पहिल्यांदा सेटिंग्जमधल्या पाथ्समध्ये जाऊन आपला साउंडफॉन्ट नेमून द्या. हे विसरलात तर मिडी आयात होते पण आवाज येत नाही आणि माणूस अर्धा तास केबल हलवत बसतो. मग फाइल मेनूतून इम्पोर्ट. प्रत्येक चॅनलची वेगळी पट्टी, म्हणजे ट्रॅक, उभी राहते. आता एकेक सोडून बाकी सगळे गप्प करा आणि कागदावर लिहा: चॅनल १ बासरी, २ बेस, ३ व्हायोलिनचा ताफा, ४ तबला (पियानो बोंबलतोय), ५ पेटी, १० ड्रम. माझ्या फाइलीत चॅनल ७ वर एक घंटी निघाली, अख्ख्या गाण्यात तीनदा वाजणारी. मी विसरूनच गेलो होतो.

पट्टीच्या नावावर एकदा क्लिक केलं की वाद्याची खिडकी उघडते, तिथल्या यादीतून हवं ते निवडा. पेटीला रीड ऑर्गन लावून बघितला, फारच चर्चमधला वाटला. पेटीचा वेगळा साउंडफॉन्ट शोधून तेवढ्या एका पट्टीला लावला. प्रत्येक पट्टीला वेगळा साउंडफॉन्ट चालतो, हे माहीत नसल्यानं बरेच जण अडून बसतात.

तबला

इथं माझी दोन संध्याकाळं गेली. घाईत असाल तरी हे सोडू नका.

तबल्याचा साउंडफॉन्ट फुकटात मिळतो, लावला की काम झालं असं वाटतं. लावला, वाजवला, आणि ठेक्यातून जे आलं ते ऐकून माझे तबल्याचे गुरुजी असते तर उठून गेले असते. जनरल मिडीत तबलाच नसल्यानं कुठला बोल कुठल्या नोटेवर ठेवायचा याचा नियमच नाही. माझ्या जुन्या कीबोर्डात जिथं "ना" होता तिथं या साउंडफॉन्टात "गे" आहे. जिथं "ती" होता तिथं काहीच नाही.

उपाय कागद-पेन्सिलीचा. कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडं फाइलीत तबल्याच्या किती वेगवेगळ्या नोटा वापरल्यात त्या: माझ्या नऊ होत्या. त्या कुठल्या बोलाच्या हे कसं कळणार, मूळ आवाज तर नाही? ठेका आपल्याला माहीत आहे ना, त्यावरून. केहरवा: धा गे ना ती, न क धी न. पहिल्या मात्रेला दोन नोटा एकदम दिसल्या. बरोबर आहे, "धा" म्हणून वेगळी नोट नव्हतीच, "ना" आणि "गे" एकत्र दाबून मी धा काढायचो. दुसऱ्या मात्रेवर त्यातली एकच उरली. म्हणजे ती "गे", आणि दुसरी "ना". पुढं तोंडानं म्हणत म्हणत नऊपैकी आठ उलगडल्या. नववी फक्त तिहाईमध्ये (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येतात तिथं) येत होती, ती अंदाजानं "तिट" मधल्या "ट" ला टाकली. उजवीकडच्या रकान्यात नव्या साउंडफॉन्टात तो बोल कुठं आहे ते, एकेक नोट वाजवून.

मग पियानो रोल, म्हणजे नोटा दाखवणारी खिडकी, उघडायचा. डावीकडच्या उभ्या कीबोर्डवर एखाद्या नोटेवर राइट क्लिक केलं की त्या ओळीतल्या सगळ्या नोटा एकदम निवडता येतात, आणि बाणानं वर-खाली सरकवता येतात. यात एक खड्डा आहे, मी त्यात पडलो. "ना" उचलून नव्या जागी नेला, पण त्या जागी जुने "ती" आधीच बसले होते. दोन्ही मिसळले, आता कुठला कुठला ते ओळखू येईना. मागं जावं लागलं. तेव्हा आधी सगळाच्या सगळा तबला दोन सप्तकं वर, मोकळ्या जागी नेऊन ठेवा आणि तिथून एकेक बोल खाली त्याच्या नव्या घरी आणा. बिऱ्हाड हलवताना आधी सामान अंगणात काढतो, तसं.

शेवटी जोर. मी तेव्हा कीबोर्डचा टच बंद ठेवून वाजवायचो, त्यामुळं सगळ्या नोटा एकाच जोराच्या होत्या. मिडीत हा जोर १ ते १२७ असतो. प्रत्येक आवर्तनातल्या समेचा तेवढा वर ठेवला, "न क" मधला "क" ५० च्या खाली आणला. इतक्यानं ठेक्यात जीव आला.

पट्टी बदलणं

तेवढ्यात परत फोन. "दादा, काळी पाच आता नाही हो झेपत. काळी तीन करा." झेपत कशी नाही म्हणायला मी कोण, माझे तरी गुडघे कुठं झेपतात.

ऑडिओची पट्टी बदलली की आवाज थोडा तरी बिघडतो. मिडीत तसं काही होत नाही, नुसते आकडे बदलतात. म्हणून पट्टी बदलायची असेल तर आत्ता, ऑडिओ करण्याआधी. काळी पाचवरून काळी तीन म्हणजे चार स्वर खाली. एलएमएमएसमध्ये वरच मास्टर पिच आहे, उणे चार केलं. बासरी, बेस, पेटी छान खाली आली. ड्रम मात्र उधळले.

चॅनल १० वर नोट म्हणजे सूर नसतो, वाद्य असतं. ३६ बास ड्रम, ३८ स्नेअर, ४२ बंद हायहॅट. सगळ्यांतून चार वजा करा: ४२ चा झाला ३८, म्हणजे हायहॅटच्या जागी अखंड स्नेअर. ३८ चा ३४, तिथं माझ्या साउंडफॉन्टात मेट्रोनोमची घंटी. ३६ चा ३२, तिथं कट् असा एक कोरडा आवाज. गवळणीत कोणी टाइपरायटर बडवतंय असं वाटत होतं. ड्रमच्या पट्टीच्या खिडकीत मास्टर पिच लागू करण्याचा छोटा दिवा असतो, तो बंद करायचा. ड्रम जागेवर येतात.

तबल्याचंही तेच, तोही दिवा बंद. पण तबला सुरात हवा. काळी पाचला मिळवलेला दाहिना, म्हणजे उजव्या हाताचा तबला, काळी तीनच्या गाण्याखाली वाजला तर जाणकार कान वर करतोच. खऱ्या मैफलीत तबलजी दुसरा, जरा मोठ्या तोंडाचा दाहिना काढतो. इथं तबल्याच्या पट्टीवरचं पिचचं बटण आहे. त्याची रेंज आधी ४ करा, मग बटण पूर्ण खाली घ्या. यानं नोट सरकत नाही, आवाजच उतरतो. बाया, म्हणजे डग्गाही उतरतो, जरा जास्त घुमतो. मला ते चाललं.

ऑडिओ बाहेर काढणं

हा भाग अगदी सोपा आहे. एक्सपोर्टमध्ये वेव्ह, ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट. "एक्सपोर्ट ॲज लूप" च्या पुढची खूण काढून टाका, नाहीतर शेवटच्या सुराची आस मधेच कापली जाते. आधी एकदा पूर्ण ऐकून लाल दिवा कुठं लागतो ते बघा. लागत असेल तर मास्टर आवाज कमी करून पुन्हा काढा. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

ती वेव्ह ऑडॅसिटीत नेऊन सुरुवातीची मोकळी जागा अर्ध्या सेकंदावर आणायची, नॉर्मलाइझ उणे एक डेसिबलला, आणि मग एमपीथ्री. एमपीथ्रीचे पेटंट परवाने २०१७ साली संपले, त्यामुळं नव्या ऑडॅसिटीत त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. मी १९२ केबीपीएस ठेवतो, आणि बिटरेट कॉन्स्टंट. व्हेरिएबलनं जागा थोडी वाचते, पण मंडपातल्या साउंडवाल्यांकडचे पेन ड्राइव्हचे स्वस्त प्लेअर त्यावर गाण्याची वेळ चुकीची दाखवताना मी पाहिलेत. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ ला फॉरमॅट केलेला असावा आणि फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, पुढं आकडा लावून. त्या प्लेअरच्या छोट्या पडद्यावर "गवळण" च्या जागी चौकोन दिसतात आणि ऐन वेळी भलताच ट्रॅक लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मूळ कीबोर्ड असेल तर

जयसिंगपूरच्या एका मित्राकडं माझ्याच मॉडेलचा कीबोर्ड अजून आहे. फ्लॉपी ड्राइव्ह मेलाय, बाकी ठणठणीत. फ्लॉप्यांतले उरलेले अकरा ट्रॅक एका रविवारी त्याच्याकडं जाऊन केले. गवळणीच्या वेळी त्याची आठवण झाली नाही म्हणून बायकोनं ऐकवायचं ते ऐकवलं.

यूएसबी-मिडी केबलनं लॅपटॉपमधून फाइल कीबोर्डला पाठवायची. केबलवर "आउट" लिहिलेलं टोक कीबोर्डच्या "इन" मध्ये जातं, हे उलटं लावून सगळेच एकदा फसतात. कीबोर्डच्या लाइन आउटमधून आवाज लॅपटॉपच्या लाइन-इनला. गुलाबी माइकच्या भोकात घातलात तर आवाज फाटतो; लाइन-इन नसेल तर साधा ऑडिओ इंटरफेस लावा. सतत घूं ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, नव्वद टक्के वेळा तोच चोर असतो. पट्टी कीबोर्डच्याच ट्रान्सपोज बटणानं बदलावी, ते ड्रमला हात लावत नाही. फाइल सुरू करण्याआधी रेकॉर्डिंग चालू करा आणि पहिल्या सुराआधी एक मोकळं माप (बार) असू द्या, कारण वाद्यं निवडण्याचे सगळे हुकूम सुरुवातीलाच एकदम जातात आणि जुनं यंत्र तिथं अडखळतं.

यात घाई करता येत नाही, चार मिनिटांच्या गाण्याला चार मिनिटंच लागतात. आमची सातव्या गाण्याच्या अंतऱ्यात वीज गेली. लॅपटॉप चालू, कीबोर्ड बंद, रेकॉर्डिंगमध्ये पुढं नुसती शांतता. मित्राच्या आईनं तोवर पोहे केले.

गवळण मी ऋषिपंचमीच्या आदल्या रात्री पाठवली. सकाळी सातला तिचा आवाजी निरोप, मागं कुकरची शिट्टी: "दादा, मस्त झालाय. तबला तर अगदी आपल्या काकांसारखा. फक्त मुखड्याआधीचं म्युझिक निम्मं करता का? इथं लोक तेवढं थांबत नाहीत." एलएमएमएसची फाइल ठेवलेलीच होती. आठ मापं उडवली, पुन्हा एक्सपोर्ट केलं, चहा गार व्हायच्या आत धाडून दिलं.